अप्पासाहेब पंत आणि आफ्रिकेंतील विद्यार्थी

श्रोतेहो, पदवीसाठीं परमुलखाकडे पाहावें लागणें म्हणजे काय, हें नागपूरकरांस नव्यानें सांगावयास नको. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें. त्यापूर्वीं हिस्लॉप व मॉरिस हीं महाविद्यालयें आपल्या शहरांत होतीं खरीं. परंतु परीक्षा आणि पदवी आधीं कलकत्त्याची व मागाहून अलाहाबादची. पूर्व आफ्रिकेंतील तरुणांची स्थिति मात्र याहूनहि बिकट होती. केनिया, युगांडा व टांगानिका या विस्तीर्ण मुलखांत उच्च शिक्षणाचें ठिकाण काय तें एकच, युगांडांतील मकेरेरे. १९२२ सालीं धंदेशिक्षणाची शाळा म्हणून निघालेल्या या संस्थेस विद्यापीठीय महाविद्यालयाचा दर्जा मिळाला तो १९४९ सालीं, आणि तोहि लंडन विद्यापीठाच्या आधारानें. तेथें जागा थोड्या. ज्यांस त्या मिळाल्या नाहींत त्यांनीं परदेशाची वाट धरावी, तर हातीं पैसा नाहीं आणि सरकारची मर्जीहि नाहीं.

अशा तरुणांसाठीं हिंदुस्थानचीं दारें उघडण्याच्या कामीं एका मराठी गृहस्थानें मोठी खटपट केली. ते म्हणजे औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत.

अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले आणि आपल्या लहानशा संस्थानांत परतले. त्यांचे वडील भवानराव पंतप्रतिनिधि यांस आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करावयाची होती. ती कशी करावी, हें विचारावयास पितापुत्र १९३८ सालीं आपल्या नागपुराजवळच्या सेवाग्रामास आले. गांधीजींच्या सल्ल्यानें घडलेली औंधची राज्यघटना जानेवारी १९३९ मध्यें जाहीर झाली. तींत मताचा अधिकार ठेवला होता तो अक्षरओळख असलेल्या प्रौढांस. स्वराज्य पेलावयाचें तर आधीं अक्षर हातीं आलें पाहिजे, हा त्यामागील विचार. हा धडा अप्पासाहेब विसरले नाहींत.

१९४८ सालीं संस्थान विलीन झालें आणि त्याच वर्षीं स्वतंत्र हिंदुस्थानचे कमिशनर म्हणून ते नैरोबीस गेले. तेथें गोऱ्यांच्या शाळा निराळ्या, हिंदी लोकांच्या निराळ्या, आफ्रिकी मुलांच्या निराळ्या; सर्वांत कमी खर्च अर्थातच शेवटच्यांवर. आपल्या देशबांधवांनीं केवळ आपला व्यापार सांभाळावा, हें अप्पासाहेबांस मान्य नव्हतें. भूमि आफ्रिकी लोकांची. त्यांचें हित आधीं, हें नेहरूंचें धोरण होतें. त्यास अनुसरून आफ्रिकी तरुणांस हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्त्या मिळाव्या, यासाठीं ते झटले. मुगो गाथेरू हा केनियांतील किकुयू तरुण १९४९ सालीं शिकण्यासाठीं अलाहाबादेस आला आणि पुढें अमेरिकेस गेला. ज्या गांवच्या पदवीकडे एके काळीं नागपूरचे विद्यार्थी डोळे लावून बसत, त्याच गांवीं हा आफ्रिकी विद्यार्थी यावा, हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. आपल्या मुंबई विद्यापीठाचेहि असें एक विद्यार्थी आहेत. टांगानिकाचे जॉन मालेसेला यांनीं १९५९ सालीं तेथें वाणिज्याची पदवी घेतली आणि १९९० ते १९९४ या काळांत ते टांझानियाचे पंतप्रधान होते.

शिष्यवृत्ति ही वस्तु दिसावयास निरुपद्रवी. परंतु शिकून परत आलेला तरुण समान हक्क मागतो, हें वसाहतवाले ओळखून होते. ऑक्टोबर १९५२ मध्यें केनियांत आणीबाणी पुकारली गेली, जोमो केन्याटा यांस अटक झाली. आफ्रिकी पुढाऱ्यांशीं स्नेह ठेवणारे अप्पासाहेब ब्रिटिश सरकारच्या डोळ्यांत सलूं लागले, आणि १९५४ सालीं त्यांस नैरोबी सोडावी लागली.

तथापि एक काम मागें राहिलें. गांधीजींच्या निधनानंतर पूर्व आफ्रिकेंतील हिंदी लोकांनीं त्यांच्या स्मरणार्थ विद्यालय उभारण्यासाठीं निधि जमविला होता. या विचारास अप्पासाहेबांचा पाठिंबा होता. तो निधि पुढें नैरोबीच्या तांत्रिक महाविद्यालयास जोडला गेला. सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांस खुलें असलेलें हें महाविद्यालय १९५६ सालीं सुरू झालें आणि १९७० सालीं तेंच नैरोबी विद्यापीठ झालें. परदेशीं जाणाऱ्यास वाटखर्ची द्यावी आणि घरीं राहणाऱ्यासाठीं विद्यामंदिर बांधावें, अशी ही दुहेरी सेवा होती.

श्रोतेहो, या इतिहासाचा अभिमान वाटणें साहजिक आहे. पण अभिमानाबरोबर जबाबदारीहि येते. २०१६ सालीं बंगळूर येथें टांझानियाच्या एका विद्यार्थिनीस जमावानें मारहाण केली. २०१७ सालीं ग्रेटर नोइडा येथें नायजेरियन विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. त्यांचा दोष इतकाच कीं ते परके दिसत होते. सरकार शिष्यवृत्ति देऊं शकतें, विद्यापीठ प्रवेश देऊं शकतें. परंतु भाड्याची खोली, शेजाऱ्याचा शब्द आणि सणाच्या दिवशीं पानावर बोलावणें, हें कोणत्याहि सरकारास देतां येत नाहीं. अप्पासाहेबांनीं नैरोबींत बसून जें दार उघडलें, त्याच्या उंबऱ्यावर उभे राहून पाहुण्यास 'या' म्हणणें, हें आपणां सर्वांचें काम आहे.