पावसात दिलेला चषक

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दरबान हे मोठे बंदर आहे. तेथील कंट्री क्लबच्या मैदानावर १९६३ साली नाताळ प्रांताची खुली गोल्फ स्पर्धा झाली. शेवटचा फटका पडला तेव्हा पाऊस लागला होता. पराभूत खेळाडू आणि क्लबाचे सभासद इमारतीच्या छपराखाली निवाऱ्याला होते. विजेता मात्र बाहेर उभा होता आणि त्याच्या हाती चषक पडला तोही बाहेरच, भर पावसात. त्याचा अपराध एवढाच की तो भारतीय वंशाचा होता, आणि त्या इमारतीचा उंबरठा फक्त गोऱ्या पावलांसाठी राखलेला होता. या विजेत्याचे नाव सेवसंकर सेवगोलम. लोक त्याला ‘पापवा’ म्हणत.

सेवसंकर या नावात शिवशंकराचा ध्वनी अजून ऐकू येतो. पण भारतीय माणूस त्या किनाऱ्यावर पोहोचला कसा? नाताळमध्ये उसाचे मळे उभे राहिले तेव्हा मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. १८६० च्या नोव्हेंबरात ‘ट्रूरो’ नावाचे जहाज मद्रासहून करारबद्ध मजूर घेऊन दरबानला लागले. त्यानंतरच्या सुमारे पन्नास वर्षांत दीड लाखाहून अधिक स्त्रीपुरुष याच मार्गाने तेथे गेले. कराराला ते ‘गिरमिट’ म्हणत आणि म्हणून स्वतः गिरमिटिये झाले. या मजूरभरतीविरुद्ध कायदेमंडळात जो आवाज उठला तो नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा होता. १९१० साली त्यांनी आणलेल्या ठरावानंतर, १९११ मध्ये नाताळकडे जाणारी भरती थांबली. १९१२ साली गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तेथील भारतीयांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. करार संपलेल्या मजुरावर लादलेला तीन पौंडांचा कर त्यांच्या मनाला फार लागला होता. गांधीजींच्या लढ्यानंतर १९१४ साली तो रद्द झाला. कर गेला, पण वर्णभेद राहिला. पापवा जन्मला तो याच समाजात आणि याच भेदाच्या छायेत.

गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ. विस्तीर्ण हिरवळ, अठरा खळगे, आणि प्रत्येक खळग्यात कमीत कमी फटक्यांत चेंडू घालावयाचा, एवढेच त्याचे सूत्र. मोठ्या स्पर्धेत अशा चार फेऱ्या होतात आणि ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी, तो जिंकतो. खेळणाऱ्याच्या मागून दांड्यांची जड पिशवी वाहणाऱ्या पोराला कॅडी म्हणतात. घरच्या गरिबीमुळे पापवा लहानपणीच दरबानच्या बीचवुड मैदानावर कॅडी झाला. शाळा त्याच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. जे काही तो शिकला ते साहेबलोकांचे फटके पाहून शिकला, आणि झाडाच्या फांदीची काठी करून त्याने स्वतःचा सराव केला.

शिकविणारा कोणी नसल्यामुळे दांडी धरण्याची त्याची तऱ्हाच निराळी झाली. उजव्या हाताचा खेळाडू दांडी धरताना डावा हात वर आणि उजवा खाली ठेवतो. पापवाचे नेमके उलटे होते. त्याचा उजवा हात वर असे आणि डावा खाली. कोणत्याही शिक्षकाने ही खोड पहिल्याच दिवशी मोडून काढली असती. पण याच उलट्या पकडीने पापवा चेंडू सरळ आणि दूर मारी. वयाच्या विशीच्या आतच गोऱ्येतरांच्या स्पर्धांत त्याचे नाव झाले. तेथे बक्षिसाची रक्कम तुटपुंजी असे. मोठा पैसा आणि मोठा मान ज्या स्पर्धांत होता, त्यांची दारे मात्र त्याला बंद होती.

बीचवुडवर ज्यांच्या पिशव्या तो वाही त्यांत ग्रॅहॅम व्हुल्फ नावाचा एक रसायनज्ञ होता. ‘ऑइल ऑफ ओले’ हे पुढे जगभर खपलेले सौंदर्यप्रसाधन याच गृहस्थाने काढले. कॅडीच्या अंगचे गुण त्याने हेरले, आणि १९५९ साली पापवाला तो आपल्याबरोबर विमानाने युरोपात घेऊन गेला. त्याच वर्षी पापवाने हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. हा विजय योगायोगाचा नव्हता, हे त्याने लगेच सिद्ध केले. १९६० साली त्याने ती पुन्हा जिंकली, आणि १९६४ साली तिसऱ्यांदा. १९६३ च्या ब्रिटिश खुल्या स्पर्धेत जगातील नामवंतांमध्ये तो तेराव्या क्रमांकाच्या बरोबरीत आला.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. १९५९ च्याच उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेच्या दुसऱ्या एका खेळाडूने ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकली. तो गॅरी प्लेअर. देश एक, धंदा एक, यशाचे वर्षही एक. पण प्लेअरला आपल्या देशातील प्रत्येक मैदान खुले होते. पापवाला मायदेशी परतल्यावर प्रत्येक स्पर्धेसाठी सरकारी परवान्याची वाट पाहावी लागे.

हा परवाना कशासाठी? १९५० च्या ‘समूह क्षेत्र’ कायद्याने शहरांची वर्णवार वाटणी केली होती आणि उत्तम मैदाने गोऱ्यांच्या भागात पडली होती. १९५३ च्या दुसऱ्या कायद्याने सार्वजनिक सोयी वर्णानुसार वेगळ्या केल्या, आणि त्या समान दर्जाच्या असण्याचे बंधनही उरले नाही. त्यामुळे परवाना मिळाला तरी तो फक्त हिरवळीपुरता असे. क्लबाच्या इमारतीत कपडे बदलणे, जेवणे, बसणे पापवाला वर्ज्य होते. कपडे बदलायचे ते मोटारीत, आणि घास खायचा तोही मोटारीतच. इतर खेळाडू दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात विसावा घेत. पापवाला तो वेळ रस्त्याच्या कडेला काढावा लागे.

अशा स्थितीत तो १९६३ ची नाताळची स्पर्धा जिंकला आणि पावसातला तो प्रसंग घडला. त्याचे छायाचित्र देशोदेशीच्या वृत्तपत्रांत आले. वर्णभेद म्हणजे काय हे सांगण्यास जे मोठमोठे ग्रंथ लागले असते, ते एका चित्राने सांगितले. भारताने १९४६ सालीच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. आता खेळाच्या क्षेत्रातही बहिष्काराची भाषा बळावली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेला प्रवेश मिळाला नाही, आणि १९७० मध्ये ऑलिंपिक समितीने तिला काढूनच टाकले. याचे श्रेय एकट्या छायाचित्राला देता येणार नाही. अनेकांच्या दीर्घ चळवळीचे ते फळ होते. परंतु त्या चळवळीला पापवाच्या रूपाने एक चेहरा मिळाला.

१९६५ साली नाताळच्या स्पर्धेत पापवा आणि प्लेअर समोरासमोर आले. प्लेअर तोवर ब्रिटनची खुली स्पर्धा, अमेरिकेतील मास्टर्स आणि तेथील व्यावसायिकांची स्पर्धा जिंकून बसला होता; त्याच वर्षी अमेरिकेची खुली स्पर्धाही जिंकून त्याने जगातील चारही प्रमुख किताब पुरे केले. अशा प्रतिस्पर्ध्याला, त्याच्याच देशात, एका निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या कॅडीने उलट्या पकडीने हरविले. पापवाच्या आयुष्यातील हा सर्वोच्च क्षण होता आणि अधःपाताची सुरुवातही येथूनच झाली.

कारण आता सरकारला त्याचे यश सोसवेना. संमिश्र स्पर्धांचे परवाने बंद झाले, गोऱ्यांच्या मैदानांवर त्याला मज्जाव झाला, त्याचे पारपत्रही काढून घेण्यात आले. देशात खेळता येईना आणि परदेशी जाता येईना. हौशी खेळाडूच्या बाबतीत ही केवळ निराशा ठरली असती. व्यावसायिक गोल्फ खेळाडूला पगार नसतो. बक्षीस हीच त्याची मिळकत. त्याला मैदान नाकारणे म्हणजे सुताराची हत्यारे जप्त करण्यासारखे आहे. चढत्या वयाबरोबर इतरांचा खेळ ओसरतो तसा पापवाचा ओसरला नाही. तो ऐन भरात असताना कागदाच्या एका तुकड्याने थांबविला गेला. पुढची वर्षे गरिबीत गेली आणि १९७८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, हृदयविकाराने त्याचा अंत झाला.

पापवा युरोपातच का राहिला नाही, असा प्रश्न कोणी विचारील. केपटाऊनचा क्रिकेटपटू बेझिल डॉलिव्हेरा १९६० साली इंग्लंडला गेला, तेथेच स्थायिक झाला आणि १९६६ पासून इंग्लंडकडून खेळला. १९६८ साली त्याची इंग्लंडच्या संघात निवड झाली म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तो दौराच होऊ दिला नाही. म्हणजे घर सोडणाऱ्यालाही वर्णभेदाने गाठलेच. पापवा घरी परतला. आपल्या माणसांत राहून आपल्या देशातील मैदानावर खेळण्याची इच्छा धरणे यात वावगे काही नव्हते. वावगा होता तो कायदा.

तो कायदा अमर नव्हता. सार्वजनिक सोयींचा कायदा १९९० साली आणि समूह क्षेत्र कायदा १९९१ साली रद्द झाला. १९९४ मध्ये सर्व वर्णांच्या नागरिकांनी एकत्र मतदान केले. पूर्वायुष्यात वर्णभेदाचे समर्थन करणाऱ्या प्लेअरनेही पुढे आपली ती मते चुकीची होती हे मान्य केले. दरबानमधील एका सार्वजनिक गोल्फ मैदानाला पापवा सेवगोलमचे नाव देण्यात आले.

खेळाडूचे यशापयश मोजताना जिंकलेल्या आणि हरलेल्या सामन्यांची यादी केली जाते. पापवाच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो. जे सामने त्याला खेळूच दिले नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही. आणि त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी हार त्याच रिकाम्या पानांत आहे. ती हार त्याची एकट्याची मात्र म्हणता येणार नाही. विजेत्याला पावसात उभा करून जे छपराखाली कोरडे राहिले, त्यांचीही ती हार होती. हे उमगण्यास त्यांना तीस वर्षे लागली, आणि तोवर पापवा उरला नव्हता.