आधी वेळ, मग पुस्तक

मंडळी, परीक्षा तोंडावर आल्या की आमच्या धामणकर नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी वाढते. शाळेत माझ्या हाताखालून गेलेली आणि आता कॉलेजात शिकणारी एखादी मुलगी हटकून विचारतेच, "बाई, दिवस थोडे उरलेत, उजळणी कुठून सुरू करू?" मी पडले इतिहासाची शिक्षिका. उत्तर शोधायला मागेच जाणार!

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली आणि बी.ए.ची पहिली परीक्षा झाली १८६२ साली. त्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. विचार करा, त्यांच्यापुढे जुन्या प्रश्नपत्रिका नव्हत्या, गाईड नव्हतं, आधी पास झालेला कुणी दादाही नव्हता. काय विचारतील ते ठाऊक नाही, मग सगळंच वाचायचं! रानड्यांनी अफाट वाचलं, पण त्याची किंमत डोळ्यांनी मोजली. दृष्टी कायमची अधू झाली. पुढच्या आयुष्यात रमाबाई त्यांना वर्तमानपत्रं वाचून दाखवीत.

टिळकांनी हिशेब उलटा मांडला. १८७३ साली ते डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा प्रकृती तोळामासा होती. पहिलं वर्ष त्यांनी व्यायामाला दिलं आणि परीक्षेत चक्क नापास झाले. पण शरीर कमावलं ते जन्मभर पुरलं. पुढे गणित घेऊन बी.ए. पहिल्या वर्गात, आणि १८७९ साली एल्‌एल.बी. मात्र एक वर्ष वाया गेलं तरी ज्याचं शिक्षण थांबणार नाही, त्यालाच हा मार्ग परवडतो, हे विसरून चालत नाही.

ज्यांना तो परवडत नाही त्यांनी काय करावं? परळच्या डबक चाळीत जावं. भीमराव आंबेडकरांचं कुटुंब तिथे एका खोलीत राहत होतं. स्वयंपाक, सामानसुमान, माणसं, सगळं तिथेच. धनंजय कीरांच्या चरित्रात वाचलं असेल, रामजी सुभेदार मुलाला संध्याकाळी लवकर झोपवीत, स्वतः जागत आणि रात्री दोनला त्याला उठवीत. चाळ झोपलेली असे तेवढ्या वेळात अभ्यास. १९०७ ची मॅट्रिक या घरातून झाली. जागा मिळणं शक्य नव्हतं, म्हणून बापलेकांनी वेळ शोधली.

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातला खडखडाट थांबत गेला, पण आमच्या भिवंडीत यंत्रमागांचा आवाज आहेच, आणि एका खोलीतली बिऱ्हाडंही आहेत. यंदा विचारायला आलेल्या मुलीचे वडील मागावर रात्रपाळी करतात. दिवसा ते घरात झोपलेले, म्हणून हिला मोठ्याने पाठ करता येत नाही. मी म्हटलं, "धडे नंतर. आधी सांग, घर तुझं कधी असतं?" ती म्हणाली, "बाबा कामावर गेल्यावर." मग ठरलं. वाचायचं ते रात्री, आणि बाबा झोपलेले असताना पुस्तक मिटून, आठवेल ते वहीच्या कोऱ्या पानावर लिहायचं. आवाज नाही, काही नाही.

हे काही मी मनचं सांगितलं नाही. वाचलेलं किती झपाट्याने विसरतं, ते एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ सालीच मोजून दाखवलं. आणि २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं होतं. आपल्याकडे पाढ्यांची उजळणी पाटी पालथी घालूनच होत असे. डोळ्यांनी नुसतं बघितल्याने पितळ उजळत नाही, घासावं लागतं!

तिचा पहिला पेपर पुढच्या सोमवारी आहे. काय होईल ते होईल. पण आपल्या घराचं वेळापत्रक अभ्यासाच्या आड येतं, असं ती म्हणत होती, त्याच वेळापत्रकात तिने आता अभ्यास बसवला आहे. तुमच्या घरात दहा माणसांत तुम्ही कधी आणि कुठे वाचत होता? आठवलं तर जरूर कळवा. पोरींना सांगायला उपयोगी पडेल.