व्होल्टेज बरोबर, पण लिमिट चुकीची? एसएमपीएस बदलण्याआधी हे तपासा

लिनक्स असलेल्या डेस्कटॉपवर 'सेन्सर्स' कमांड चालवली की तापमान, फॅनचा वेग आणि व्होल्टेज दिसतं. कधीकधी १२ व्होल्टच्या ओळीत आकडा १२.०३ असा व्यवस्थित येतो, पण पुढे किमान १६.३२, कमाल १६.३२ आणि शेवटी 'अलार्म' दिसतो. घाबरून नवीन एसएमपीएस घेऊ नका. मोजलेला आकडा बरोबर आणि फक्त लिमिट विचित्र असेल, तर दोष बहुधा सेटिंगमध्ये असतो.

हे आकडे येतात कुठून?

मदरबोर्डवरची सुपर आय/ओ चिप व्होल्टेज मोजते. उदाहरणासाठी आयटीई कंपनीची आयटी८७१८एफ चिप घेऊ. तिचं मोजमाप ८ बिटचं आहे, म्हणजे ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. एक पायरी १६ मिलीव्होल्टची, त्यामुळे तिला जास्तीत जास्त ४.०८ व्होल्टच मोजता येतात.

मग १२ व्होल्ट कसे मोजायचे? बोर्डवर दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी केलं जातं. समजा ४ ने भागलं, तर चिपला ३ व्होल्ट दिसतात. कुठल्या बोर्डवर कुठले रेझिस्टर आहेत हे ड्रायव्हरला कळत नाही. म्हणून पुन्हा ४ ने गुणायचं काम सेन्सर्सच्या कॉन्फिग फाईलवर सोपवलेलं असतं. किमान आणि कमाल लिमिटसुद्धा चिपमध्ये याच लहान पायऱ्यांत साठवली जाते.

क्रमाने काय तपासायचं?

१. कच्चा आकडा बघा. 'सिस' फोल्डरमध्ये 'क्लास' आणि त्यात 'एचडब्ल्यूमॉन' उघडा. तिथे प्रत्येक इनपुटची इनपुट, मिन आणि मॅक्स अशी वेगळी फाईल असते. आकडे मिलीव्होल्टमध्ये असतात, म्हणजे ३००८ म्हणजे ३.००८ व्होल्ट. अँड्रॉइड फोनच्या आतही लिनक्स कर्नल असतो, पण तिथे बॅटरीचं व्होल्टेज देणारी 'पॉवर सप्लाय' यंत्रणा मायक्रोव्होल्ट वापरते. दोन्हींची गल्लत केली तर आकडा हजारपट चुकतो.

२. लिमिट भरलेली आहे का? किमान ० आणि कमालही ० दिसत असेल, तर बायोसने लिमिट भरलेलीच नाही. कमाल शून्य असल्यावर कुठलंही व्होल्टेज 'जास्त' ठरणार आणि अलार्म येणारच.

३. 'कम्प्यूट' ओळीचा दुसरा भाग वाचा. खरी गडबड अनेकदा इथे सापडते. ही ओळ अशी असते (फाईलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत):

कम्प्यूट इन४ @*४, @/४

स्वल्पविरामाआधीचं सूत्र चिपचा आकडा वाचताना लागतं, नंतरचं सूत्र लिमिट लिहिताना. दुसऱ्या जागी नुसतं @ राहिलं, तर वाचन बरोबर येतं, पण ११.४ व्होल्टची लिमिट न भागताच चिपकडे जाते. चिपची मर्यादा ४.०८, म्हणून तेवढीच साठते. दाखवताना तिला ४ ने गुणलं जातं आणि १६.३२ येतात. किमान, कमाल दोन्ही सारखी का दिसतात, ते आता लक्षात येईल.

४. लिमिट पुन्हा लिहा. फाईलमध्ये 'सेट' ओळीत किमान १२*०.९५ आणि कमाल १२*१.०५ द्या. मग सुडो लावून सेन्सर्स कमांड 'उणे एस' पर्यायासह चालवा.

५. पुन्हा वाचा. आता ११.४० ऐवजी ११.३९ आणि १२.६० ऐवजी १२.६१ दिसेल. ही चूक नाही. ४ ने गुणल्यावर एक पायरी ६४ मिलीव्होल्टची होते आणि लिमिट जवळच्या पायरीवर बसते. या चिपमध्ये जुना अलार्म एकदा वाचला जाईपर्यंत टिकून राहतो. त्यामुळे दोन-तीन सेकंद थांबून कमांड परत चालवा.

एक गोष्ट टाळा

आकडा १२ यावा म्हणून अंदाजाने गुणक बदलू नका. असं केलं तर एसएमपीएस खरंच कमजोर झाला तरी स्क्रीनवर सगळं ठीकच दिसेल. गुणक आपल्याच बोर्ड मॉडेलच्या कॉन्फिगमधून घ्या आणि येणारा आकडा बायोसच्या स्क्रीनशी ताडून बघा.

खरी काळजी कधी करायची?

एटीएक्स मानकानुसार १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनला ५ टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी. सेटिंग बरोबर करूनही आकडा याबाहेर जात असेल, तर मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मल्टिमीटरने मोजा किंवा दुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज राहू शकतो. मल्टिमीटरवरही व्होल्टेज कमी दिसलं, तर नवीन एसएमपीएसचा खर्च योग्य आहे.