ट्रम्पेट, ढोलकी आणि कॅमेरा

लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट आपल्यातल्या बऱ्याच तरुणांनी मोबाईलवर ऐकला असेल. १९०१ साली न्यू ऑर्लिन्सच्या गरीब काळ्या वस्तीत जन्मलेला हा माणूस जॅझचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. पण त्याच्यावरच्या फिल्म ओळीने बघितल्या की प्रश्न पडतो : कॅमेरा कुणाच्या हातात होता?

१९३२ सालच्या एका छोट्या फिल्ममध्ये या थोर वादकाला बिबट्याचं कातडं नेसवून साबणाच्या फेसात उभं केलंय. काळा माणूस म्हणजे रानटी, हा गोऱ्यांचा समज पडद्यावर जसाच्या तसा. १९५८ च्या न्यूपोर्ट महोत्सवावरची ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ त्यामानाने खूपच सभ्य. तो गातो, विनोद करतो, हसतो. फिल्म सुंदरच आहे. पण आदल्याच वर्षी लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवलं, तेव्हा याच माणसाने राष्ट्राध्यक्षाला जाहीर सुनावून सरकारी सोव्हिएत दौऱ्यावर पाणी सोडलं होतं. त्याचा तिथे मागमूस नाही. पुढे काळ्या चळवळीतल्या पोरांनीही त्याला गोऱ्यांचा हुजऱ्या ठरवलं.

त्याला वाचवलं त्याच्याच टेपरेकॉर्डरने. घरातल्या गप्पा, संताप, शिव्या, सगळं तो टेप करून ठेवायचा. शेकडो रिळं. २०२२ साली सॅशा जेन्किन्स या काळ्या दिग्दर्शकाने ती ‘लुई आर्मस्ट्राँग्ज ब्लॅक अँड ब्लूज’ या माहितीपटात वापरली, आणि मरणानंतर पन्नास वर्षांनी तो स्वतःच्या तोंडाने बोलला.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी फिल्म म्हणजे ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११). ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, पोलिसांच्या गोळीबारात १० जण मारले गेले. शाहीर विलास घोगरे यांनी चारच दिवसांनी जीव दिला, डोक्याला निळी पट्टी बांधून. डाव्या मंचावर हयात घालवलेल्या माणसाने शेवटी निळा रंग जवळ केला, यावर अजून आपल्यात वाद आहेत. पण तो वाद पडद्यावर घालता येतो, कारण आनंद पटवर्धनांनी घोगऱ्यांना १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये गाताना टिपलं होतं. दिग्दर्शक सवर्ण, असा आक्षेप काही साथी घेतात. घ्या. पण चौदा वर्षं चित्रीकरण करत राहायची चिकाटी त्याने दाखवली. आपला कॅमेरा तेव्हा कुठे होता?

गरिबी हे उत्तर बरोबर आहे, पण पुरं नाही.

आमच्या नाशिकचंच बघा. भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात तमाशाचा साचा उचलून त्यात शिक्षण, मेलेल्या जनावराचं मांस सोडणं, वतनाची गुलामी झुगारणं हे विषय भरले आणि आंबेडकरी जलसा उभा केला. तो आपल्यापर्यंत आला कागदावरून, खुद्द कर्डकांच्या ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या पुस्तकातून. त्या जलशाचा आवाज कसा होता, ते पुस्तक किती सांगणार? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा कर्डक तर २००४ पर्यंत आपल्यात होते. त्यांची गाणी शेकडो गळ्यांत आहेत, म्हणून ती टिकली. पण नुसत्या गळ्याने चाल बदलते, कडवं गळतं, कधी कवीचं नावही गळतं.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. जयंतीच्या रात्री गायन पार्टीचे व्हिडिओ धडाधड चढतात. त्यात डीजेचे दिवे दिसतात, ढोलकीवाला चौकटीबाहेर, गीतकाराचं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. वामनदादांच्या मागे कोरस धरलेली माणसं आज म्हातारी झालीत. येत्या रविवारी त्यांच्या दारात बसा, फोन आडवा धरा, पंखा बंद करायला सांगा. गाणं नंतर. आधी विचारा : पहिली ढोलकी कुणाची होती, बिदागी किती मिळायची, कोणत्या गावाने मांडव घालू दिला नाही, आणि त्या रात्री जेवायला कुणी घातलं.