शागाल यांच्या चित्रमंदिरात

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस नावाचे शहर आहे. तेथील सिमिए टेकडीवर मार्क शागाल या एकाच चित्रकाराला वाहिलेले राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याची पायरी आम्ही चढलो ती कलाकृती पाहण्याच्या कुतूहलाने. परतताना मात्र मनात आत्मपरीक्षण होते.

मुख्य दालनात उत्पत्ती व निर्गम या ग्रंथांवरील बारा भव्य चित्रे आहेत. नोहाचे तारू, याकोबाचे स्वप्न, जळते झुडूप हे सारे प्रसंग लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेले. चित्रांचा क्रम मात्र बायबलचा नाही. रंगांचा मेळ साधावा म्हणून शागाल यांनी स्वतःच तो ठरविला. शेजारच्या लहान दालनात गीतरत्नावरील पाच चित्रे आहेत. तांबड्या-गुलाबी रंगांत न्हालेले हे दालन त्यांनी पत्नी वावा यांना अर्पण केले आहे.

शागाल यांचा जन्म ७ जुलै १८८७ रोजी वितेब्स्क येथे, एका श्रद्धाळू यहुदी कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते बेलारूसमध्ये आहे. १९३१ साली बायबलच्या चित्रमालेसाठी त्यांनी पवित्र भूमीचा प्रवास केला. पुढे नाझी सत्तेच्या भयाने १९४१ साली त्यांना अमेरिकेत आश्रय घ्यावा लागला. तेथेच १९४४ साली त्यांची पहिली पत्नी बेला निवर्तली. १९४८ साली ते फ्रान्सला परतले. तोवर युरोपातील साठ लाख यहुदी मारले गेले होते.

ज्या भूमीने आपल्या बांधवांना परके मानले, त्याच भूमीला या माणसाने बायबल चित्ररूपाने दान केले. ही चित्रे वान्स येथील एका जुन्या चॅपेलात लावावीत असा त्यांचा पहिला विचार होता. तो सिद्धीस गेला नाही. १९६६ साली त्यांनी ही चित्रे फ्रेंच राष्ट्राला दिली आणि ७ जुलै १९७३ रोजी, त्यांच्या शहाऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या हयातीतच संग्रहालयाचे द्वार उघडले.

इसहाकाच्या बलिदानाच्या चित्रापुढे आम्ही अधिक वेळ थांबलो. खाली आब्राहाम आणि वेदीवर पहुडलेला इसहाक. वर कोपऱ्यात मात्र क्रूस वाहणारा ख्रिस्त! तेथील लाल रंग खाली ओघळून आब्राहामाला माखतो. शागाल ख्रिस्ती नव्हते. त्यांना येशू दिसला तो छळ सोसणारा यहुदी म्हणून. १९३८ सालच्या त्यांच्या 'श्वेत क्रूसारोहण' या चित्रात तर क्रुसावरील येशूच्या कमरेला यहुदी प्रार्थनावस्त्र आहे आणि पलीकडे सभास्थान जळते आहे.

आपण क्रुसापुढे गुडघे टेकतो, पण त्यावरील प्रभू यहुदी मातेच्या कुशीत जन्मला हे किती वेळा स्मरतो? त्याच्याच लोकांवर ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनी शतकानुशतके प्रभूच्या मृत्यूचा दोष लादला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो आरोप स्पष्ट शब्दांत अमान्य केला. त्यानंतर वर्षभरातच शागाल यांचे हे दान झाले, हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

शागाल २८ मार्च १९८५ रोजी निवर्तले. घरी परतल्यावर आम्ही जुना करार पुन्हा उघडला. ती पाने आपल्याला कोणाच्या घरून मिळाली, हे आता विसरता येणार नाही.