पन्नास कोटींचा लांडगा आणि सरहद्दीवरचं पिल्लू

२०२५च्या मार्चमध्ये बेंगळुरूच्या एका गृहस्थाने ५० कोटींना 'वुल्फडॉग' घेतल्याची बातमी देशभर फिरली. पुढच्याच महिन्यात ईडी दारात आली आणि दावा खोटा निघाला. आपण हसलो, मीम टाकले, विषय संपला. पण त्यानंतर मला दोन-तीन ओळखीच्यांनी गंभीरपणे विचारलं, "पिल्लू खरंच मिळतं का? टू बीएचकेत राहील का?" उत्तर एका ओळीत देता येईल, पण मला त्यामागचा इतिहास सांगायचाय. तो कुत्र्यांच्या शौकिनांचा नाही, एका सरकारी प्रयोगाचा आहे.

१९५५ साल. चेकोस्लोव्हाकिया. स्टालिन जाऊन दोन वर्षं झालेली, तारांच्या कुंपणापलीकडे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया. सरहद्दीवरच्या दलाकडे जर्मन शेफर्ड कुत्र्यांचा मोठा फौजफाटा होता. कारेल हार्टल नावाच्या अधिकाऱ्याने कार्पेथियन लांडगा आणि जर्मन शेफर्ड यांचा संकर करून बघायचं ठरवलं. ब्रिता ही लांडग्याची मादी, सेझार हा कुत्रा. २६ मे १९५८ रोजी लिब्येयोव्हित्से इथे पहिली पिल्लं जन्मली.

आता गंमत बघा. ही पहिल्या पिढीची पिल्लं दिसायला लांडगा आणि वागायलाही लांडगाच. वाढवणं जिकिरीचं. शिकवता यायची, पण घातलेल्या मेहनतीच्या मानाने हाती फारसं काही लागायचं नाही. हे काम हौशी मंडळी करत नव्हती हे लक्षात घ्या. पगारी, प्रशिक्षित, दिवसभर तेच काम करणारी माणसं होती ही. कुत्र्यांसाठी जागा सरकारची, खाणं सरकारचं, वेळेची घाई नाही.

मग त्यांनी काय केलं? पुन्हा जर्मन शेफर्डशी संकर. लांडग्याचं रक्त निम्म्यावरून पाव, पावावरून साडेबारा टक्के, चौथ्या पिढीत ६.२५ टक्के. तिसऱ्या-चौथ्या पिढीतले बहुतेक प्राणी नेहमीच्या प्रशिक्षणात बसायला लागले, नोकरीवर जाऊ लागले. आणि तिथे त्यांनी लोकांना चकित केलं. वाट शोधणं, रात्रीची नजर, कान, नाक, सगळ्यात ते साध्या कुत्र्यांपेक्षा सरस. १०० किलोमीटरच्या दमाच्या चाचणीत ही मंडळी न थकता शेवटपर्यंत गेली. १९६५ मध्ये ब्रनोच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात हार्टलने हे निकाल मांडले तेव्हा जाणकारांनी कान टवकारले. तरी राष्ट्रीय जात म्हणून मान्यता मिळायला १९८२ उजाडलं. तेही फ्रान्तिशेक रोसीक या दुसऱ्या अधिकाऱ्याने नेट लावला म्हणून. लांडग्याचं रक्त शेवटचं मिसळलं गेलं १९८३ मध्ये. आंतरराष्ट्रीय संघटनेची पक्की मान्यता १९९९. म्हणजे सुरुवातीपासून ४४ वर्षं, आणि तोवर तो देशच नकाशावरून गेला होता!

हॉलंडमध्ये लीन्दर्त सार्लोस यांनी हाच उद्योग १९३०च्या दशकात एकट्याने सुरू केला होता. जर्मन शेफर्ड फार पाळीव, नाजूक झालाय, त्याला पुन्हा काटक करावं, हा त्यांचा विचार. निघाला लाजाळू, अनोळखी माणूस दिसला की मागे सरणारा प्राणी. सुरुवातीच्या काहींनी अंधांना वाट दाखवण्याचं कामही केलं, पण लांडगा वाढत गेला तसं ते काम सुटलं. राखणीला तर उपयोगच नाही. ज्यांना 'लांडगा म्हणजे डबल राखण' असं वाटतं त्यांनी हे दोनदा वाचावं.

असं का होतं, याचं मला पटलेलं उत्तर बुडापेस्टमधून येतं. तिथे आदाम मिक्लोशी यांच्या गटाने लांडग्यांची पिल्लं अगदी तान्ही असल्यापासून माणसांच्या हातात, कुत्र्याच्या पिल्लांसारखीच वाढवली. मग त्यांना न सुटणारं कोडं दिलं, मांस दिसतंय पण निघत नाही असं. कुत्रा थोडी खटपट करतो आणि वळून मालकाच्या तोंडाकडे बघतो, 'अहो, जरा बघा ना' असं. लांडगा बघत नाही. तो खटपट करत राहतो. २००३ मध्ये हे छापून आलं. माझ्या मते वुल्फडॉग पाळण्याचं सुख आणि दुःख दोन्ही इथेच आहे. तो तुमची आज्ञा म्हणून येत नाही. त्यामुळे जेव्हा येतो, खांद्याला नाक लावतो, तेव्हा ते काहीतरी वेगळंच असतं. पाळणारे लोक हे सांगताना हळवे होतात, आणि ते खोटं नसतं. पण हाच प्राणी एकटा ठेवला तर दाराची कडी उघडायला शिकतो, सोफा फाडतो, कुंपणाखालून उकरतो. त्याच्या जवळ दिवसभर माणूस आणि सोबतीला दुसरा कुत्रा लागतो. नोकरी करून हे जमत नाही.

आता आपल्याकडचं. १२ मार्च २०२४ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ 'हिंस्र' जातींवर बंदी घालायला सांगितलं. त्यात 'वुल्फ डॉग्ज' होते. व्याख्या काहीच नाही. किती पिढ्या, किती रक्त, कोण ठरवणार? महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. ब्रिटनमध्ये पहिल्या दोन पिढ्यांच्या संकराला जंगली प्राण्याचा परवाना लागतो, तिसरीपासून तो कुत्रा धरतात. डोकं वापरून केलेला नियम म्हणतात तो हा. आपल्याकडे आधी यादी, मग कोर्ट, आणि मधल्या काळात बाजार मोकळा.

आणि खरी काळजी तर उलट दिशेची आहे. भारतात लांडगे उरलेत साधारण ३,१००. पुण्याच्या आसपास फिकट, पिवळसर रंगाचे लांडगे दिसू लागले, तेव्हा द ग्रासलँड्स ट्रस्ट, अत्री आणि एनसीबीएस यांनी दोन प्राण्यांच्या केसांवरून जनुकं तपासली. २०२३ मध्ये निकाल आला: लांडग्यात कुत्र्याचं रक्त मिसळलंय. कुणी मुद्दाम केलं नाही. माळरानं आक्रसली, कचरा वाढला, मोकाट कुत्री तिथवर पोचली. चेकोस्लोव्हाकियात जे चार पिढ्या मोजून, नोंदी ठेवून केलं, ते आपल्याकडे कचऱ्याच्या ढिगाभोवती आपोआप होतंय. गावकुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण यावर ग्रामपंचायतीत कुणी निवडणूक लढवत नाही, हे मला माहीत आहे. तरी पुढच्या ग्रामसभेत तेवढा एक प्रश्न विचारा.

बाकी लांडग्याची हौस असेल तर इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामतीत शिर्सुफळला वनविभागाने गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे. पहाटे जा, दुर्बीण न्या, आणि गाडीत गप्प बसा. दिसेलच असं नाही.