खुब्याचा अस्थिभंग : धोका अंथरुणाला खिळण्याचा

वार्धक्यात हाडे ठिसूळ झाली की चालता चालता कुशीवर पडणेही खुबा मोडण्यास पुरेसे ठरते. पाय आखूड दिसणे, बाहेरच्या बाजूस वळणे व उभे राहता न येणे ही त्याची प्रमुख लक्षणे. अशा वेळी तेल चोळून रुग्णाला घरीच निजवून ठेवणे घातक होय. प्राणावर बेतते ते बहुधा अंथरुणाला खिळल्याने होणारा न्यूमोनिया, शय्याव्रण किंवा रक्ताच्या गाठींमुळे. म्हणूनच केवळ वयाकडे पाहून शस्त्रक्रिया टाळू नये. प्रकृती साथ देत असल्यास ती ४८ तासांच्या आत करून रुग्णास लवकर चालते करणे श्रेयस्कर मानले जाते.

हाड जोडले तरी पडण्याचे कारण उरतेच. मोतीबिंदू, झोपेच्या गोळ्या, उठताच घसरणारा रक्तदाब यांची तपासणी हे वृद्धरोगतज्ज्ञांचे काम. या शाखेचा पाया भारतात चेन्नईत घातला गेला. डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या पुढाकाराने तेथील शासकीय सामान्य रुग्णालयात १९७८ मध्ये वृद्धोपचार विभाग सुरू झाला. २०२४ मध्ये शहरातील गिंडी येथे दोनशे खाटांच्या राष्ट्रीय वार्धक्य केंद्राचे उद्घाटन झाले.